अध्यक्षांची लेखणी

एखादा विषय पंचवीस वर्षें शिकवीत राहिलें, म्हणजे तो आपल्याला समजला आहे असा एक गोड गैरसमज शिक्षकाच्या मनांत घर करून बसतो. माझेंहि तसेंच झालें होतें. राज्यशास्त्राच्या वर्गांत दर वर्षीं श्रावणाच्या सुमारास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांची राज्यघटना शिकवावयास येते. बाहेर पाऊस पडत असतो, मागच्या बांकांवरचीं मुलें पेंगत असतात, आणि मी फळ्यावर एक त्रिकोण काढतों. एका कोनावर काँग्रेस, दुसऱ्यावर अध्यक्ष, तिसऱ्यावर सर्वोच्च न्यायालय. मग प्रत्येक कोनापासून उरलेल्या दोहोंकडे जाणारे बाण. एकानें दुसऱ्याला आवरावयाचें, दुसऱ्यानें तिसऱ्याला. काँग्रेस हें नांव कानीं पडतांच मुलें क्षणभर जागीं होतात, आणि तिकडची काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, कायदेमंडळ, एवढें सांगेपर्यंत पुन्हा पेंगूं लागतात. तो त्रिकोण इतका सुबक दिसतो, कीं त्या सुबकपणामुळेंच तो खरा असला पाहिजे असें मलाहि वाटूं लागलें होतें.

२०२५ सालच्या २१ जानेवारीच्या रात्रीं, जेवण आटोपून मी उत्तरपत्रिका घेऊन बसलों असतां माझ्या भाचीचा टेक्ससहून फोन आला. ती व तिचा नवरा तेथें अकरा वर्षें आहेत. आधीं शिक्षणासाठीं, मग नोकरीच्या परवान्यावर. दोघेंहि कर भरतात, कायदा पाळतात, आणि कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठीं भारतीयांची जी रांग तेथें लागलेली आहे तींत उभीं आहेत. कोणत्याहि एका देशाच्या लोकांना वर्षाच्या परवान्यांपैकीं सात टक्क्यांहून अधिक मिळावयाचे नाहींत असा सामान्य नियम असल्यामुळें ती रांग माणसाच्या उमेदीच्या वर्षांहून लांब होत चालली आहे. भाचीला आठवा महिना होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत बाळंतपण अपेक्षित होतें. आदल्याच दिवशीं डोनाल्ड ट्रम्प यांनीं अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली होती, आणि त्या दिवशीं ज्या अनेक हुकुमांवर त्यांनीं सह्या केल्या त्यांपैकीं एक असा होता, कीं आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर त्या भूमीवर जन्मलेल्या मुलालाहि तेथील नागरिकत्व मानलें जाऊं नये. हुकूम तीस दिवसांनंतर, म्हणजे १९ फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्या मुलांना लागू व्हावयाचा होता.

"मामा, तू हे शिकवतोस ना?" ती म्हणाली. "मग सांग, माझं बाळ कुठलं?"

मीं अर्थातच सांगावयास सुरुवात केली. यादवी युद्धानंतर १८६८ मध्यें घटनेची चौदावी दुरुस्ति झाली. या देशांत जन्मलेले आणि त्याच्या अधिकाराखालीं असलेले सर्वजण नागरिक होत असें तींत लिहिलें आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्यें चिनी आईबापांच्या पोटीं जन्मलेला वाँग किम आर्क चीनहून परत आला तेव्हां त्याला बंदरांतच अडविलें, आणि १८९८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो जन्मानेंच नागरिक आहे असा निकाल दिला. त्या वेळीं चिनी लोकांविषयीं तिकडे काय भावना होती तें पाहिलें म्हणजे हा निकाल किती मोलाचा होता तें कळतें, वगैरे. वर्गांत सांगावें तसें मी सांगत गेलों. ती मुकाट्यानें ऐकत होती.

"ते मीही वाचलंय, मामा," ती शेवटीं म्हणाली. "कागदावर काय आहे ते नको सांगूस. तो माणूस काय करू शकतो, ते सांग."

थोडा वेळ दोन्ही बाजूंना शांतता होती. मग तिनें हळूच विचारलें, "डॉक्टरांना सांगून दोन आठवडे आधीच सिझेरियन करून घेऊ का?"

"घाई करू नकोस," असें मीं तिला सांगितलें. तें मीं कशाच्या आधारावर सांगितलें, हा प्रश्न फोन ठेवल्यानंतर मला पडला. ज्या त्रिकोणावर मीं पंचवीस वर्षें मुलांना गुण दिले, त्याच्या भरंवशावर मी आतां एका मुलीला तिच्या बाळंतपणाविषयीं सल्ला देत होतों. त्रिकोणाची एक बाजू कच्ची निघाली तर परीक्षेंत दोन गुण जात नव्हते. कुणाचें तरी नागरिकत्व जात होतें. त्या रात्रीं उत्तरपत्रिका तशाच राहिल्या, आणि मीं कपाटांतलीं जुनीं पुस्तकें काढलीं.

घटनेचें पहिलें कलम काँग्रेसविषयीं आहे, दुसरें अध्यक्षाविषयीं. पहिलें लांबलचक आहे. कर कोणी बसवावा, नाणें कोणी पाडावें, युद्ध कोणी पुकारावें, टपालकचेऱ्या कोणी उघडाव्या, इथपर्यंत सारें त्यांत नोंदलेलें आहे. दुसरें कलम त्या मानानें आंखूड आहे, आणि त्यांतलाहि बराचसा भाग अध्यक्ष निवडावा कसा आणि काढावा कसा यांतच खर्च झालेला आहे. त्यानें काय करावें तें थोडक्यांत उरकलें आहे: सेनेचें आधिपत्य, क्षमेचा अधिकार, सेनेटच्या संमतीनें तह व नेमणुका, आणि कायद्यांची इमानानें अंमलबजावणी. बाकी सगळें एका वाक्यांत, कीं कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या ठायीं राहील. कार्यकारी सत्ता म्हणजे काय, तें कोठेंच सांगितलेलें नाहीं. वर्गांत मी यावरून पुष्कळदां भरभर पुढें गेलों आहें.

हें असें कां झालें याची कथा मोठी मौजेची आहे. १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फियामध्यें घटनाकार बसले असतां १ जून रोजीं जेम्स विल्सन यांनीं सूचना मांडली, कीं कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हातीं असावी. सूचना होतांच सभागृह गप्प झालें. मॅडिसन यांनीं आपल्या टिपणांत त्या शांततेची नोंद करून ठेवली आहे. इंग्लंडच्या राजाशीं लढून आलेली ती माणसें, आणि पुन्हा एकाच माणसाच्या हातीं सत्ता द्यावयाची! रँडॉल्फ यांना तर तो राजेशाहीचाच गर्भ वाटला. तरीहि सूचना अखेर मान्य झाली, आणि तिचें एक कारण समोरच खुर्चीवर बसलेलें होतें. सभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. हा नवा अधिकार प्रथम त्यांच्याच हातीं जाणार हें सर्वांना ठाऊक होतें, आणि सत्ता हातीं असतां ती सोडून शेतावर परत गेलेला माणूस म्हणून त्यांची ख्याति होती. अंगरखा एका सभ्य गृहस्थाच्या मापानें शिवला गेला. पुढें तो कोणाकोणाच्या अंगावर चढेल याचा विचार त्यांनीं केला नाहीं असें मी म्हणणार नाहीं, पण कापड बरेंच सैल सोडलें एवढें खरें.

वॉशिंग्टन यांनीं आठ वर्षांत आठच कार्यकारी हुकूम काढले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं बारा वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक काढले. नुसत्या संख्येवरून सत्ता मोजूं नये हें मलाहि कळतें. पण या दोन आंकड्यांच्या मधल्या काळांत काय झालें तें पाहिलें पाहिजे.

जेफर्सन यांना घटना अक्षरशः पाळण्याचा मोठा अभिमान. त्यांनींच १८०३ मध्यें फ्रान्सपासून लुइझियानाचा प्रचंड मुलूख दीड कोट डॉलरांना विकत घेतला आणि राष्ट्राचें क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट केलें. मुलूख विकत घेण्याविषयीं घटनेंत अवाक्षर नाहीं हें त्यांना स्वतःला टोंचत होतें. घटनादुरुस्तीचा मसुदाहि त्यांनीं केला, आणि नेपोलियनचें मन पालटेल या भीतीनें तो बाजूला ठेवला. लिंकन यांचें उदाहरण याहून अवघड आहे. १८६१ च्या वसंतांत काँग्रेसची बैठक चालू नसतां त्यांनीं सैन्य वाढविलें, बंदरांची नाकेबंदी केली, आणि विनाचौकशी कैदेविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याचा हक्क तहकूब केला. हा अधिकार अध्यक्षाचा नव्हे, काँग्रेसचा आहे, असें मुख्य न्यायाधीश टॅनी यांनीं लिहून दिलें. लिंकन यांनीं तें मानलें नाहीं. एक कायदा मोडूं नये म्हणून बाकीचे सगळे कायदे मोडूं द्यावयाचे काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनीं जुलैमध्यें काँग्रेसला विचारला. आणि याच युद्धकालीन अधिकाराच्या बळावर १ जानेवारी १८६३ रोजीं बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा त्यांनीं काढला. आतां या माणसानें मर्यादा ओलांडली असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. विद्यार्थ्यांनाहि मी लिंकनचें कौतुकच शिकविलें. परंतु त्या रात्रीं माझ्या लक्षांत आलें, कीं प्रत्येक पुढच्या अध्यक्षानें सैल कापड आणखी थोडें ओढतांना लिंकनचेंच नांव घेतलें आहे. थोर माणसानें एकदां पाडलेल्या वाटेवरून पुढें लहान माणसेंहि बिनदिक्कत जातात, आणि वाट तर कांहीं माणूस पाहून बंद होत नाहीं.

१९ फेब्रुवारी ही तारीख भाचीच्या तोंडून ऐकल्यापासून माझ्या डोक्यांत घोळत होती. आपल्याकडे महाराष्ट्रांत ती शिवजयंतीची. पण अमेरिकेच्या इतिहासांतहि तिला एक स्थान आहे. १९४२ मध्यें याच दिवशीं रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली, आणि त्याच्या आधारानें पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत नेऊन ठेवलें. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोक जन्मानें अमेरिकन नागरिक होते! ओकलंडमध्यें जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सू या तरुणानें हुकूम मोडला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९४४ मध्यें न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं सरकारचा पक्ष उचलून धरला. १९८८ मध्यें काँग्रेसनें माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले, आणि तो निकाल देण्यांत आला त्याच दिवशीं तो अत्यंत चुकीचा होता असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें म्हटलें. चुकीचा होता हें कळावयास चौऱ्याहत्तर वर्षें लागलीं. मीं हें भाचीला सांगितलें नाहीं.

तिला सांगण्यासारखी गोष्ट मला १९५२ सालांत सांपडली. कोरियाचें युद्ध चालू होतें, तेंहि काँग्रेसनें न पुकारलेलें, आणि पोलाद कारखान्यांत संप होऊं घातला होता. ट्रूमन यांनीं ८ एप्रिल रोजीं कारखाने ताब्यांत घेण्याचा हुकूम काढला. राष्ट्र संकटांत आहे, सैन्याला पोलाद हवें आहे, मी सेनेचा अधिपति आहें, असा त्यांचा युक्तिवाद. दोन महिन्यांच्या आंत, २ जून रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो हुकूम रद्द ठरविला, आणि ट्रूमन यांनीं कारखाने परत केले. न्यायाधीश बहुतेक रूझवेल्ट यांनीं आणि बाकीचे ट्रूमन यांनींच नेमलेले होते, हें विसरूं नये. त्यांतले जॅक्सन हे तर पूर्वी रूझवेल्ट यांचे सरकारी वकील होते, आणि कोरेमात्सूच्या खटल्यांत विरुद्ध मत देणाऱ्या तिघांपैकींहि एक होते. त्यांनीं पोलादाच्या निकालाला जोडलेलें स्वतंत्र मत आजहि वाचावें असें आहे. अध्यक्ष काँग्रेसच्या संमतीनें वागतो तेव्हां त्याचें बळ सर्वांत अधिक, काँग्रेस गप्प असते तेव्हां संधिप्रकाश, आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागतो तेव्हां त्याचें बळ सर्वांत कमी. ही विभागणी त्यांचीच. पण शेवटीं त्यांनीं आणखी एक गोष्ट बजावली, कीं काँग्रेसच्या बोटांमधून सत्ता निसटूं लागली तर ती तिची तिलाच आवळून धरावी लागेल. न्यायालय तिच्यासाठीं तें करूं शकणार नाहीं.

आणि काँग्रेसनें काय केलें? मुठी उघड्या टाकल्या. युद्धाची रीतसर घोषणा तिनें शेवटची केली ती जून १९४२ मध्यें. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान; यांतलें एकहि युद्ध पुकारलेलें नाहीं. व्हिएतनामनें हात पोळल्यावर १९७३ मध्यें, निक्सन यांचा नकाराधिकार डावलून, साठ दिवसांच्या मुदतीचा ठराव झाला. २०११ मध्यें लिबियावर बाँबवर्षाव चालू असतां ती मुदत उलटली, तेव्हां ओबामा यांच्या सरकारनें सांगितलें, कीं ही मोहीम त्या कायद्यांतल्या अर्थानें शत्रुत्वाची कृतिच नव्हे. ओबामा स्वतः घटनाशास्त्र शिकविणारे. आमच्या धंद्याची बदनामी ती अशी होते! २००१ च्या सप्टेंबरमध्यें, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर, काँग्रेसनें बळ वापरण्याची जी परवानगी दिली तिचा गाभा साठएक शब्दांचा आहे. प्रतिनिधिसभेंत विरुद्ध मत फक्त एक, बार्बरा ली यांचें. त्या साठ शब्दांच्या आधारावर दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनीं पुढें वीस वर्षें अनेक देशांत सैन्य चालविलें.

आणीबाणीच्या कायद्याची हकीकत मात्र मी सविस्तर सांगणार आहें, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीं आणि तींत आपल्याच वंशाचा एक विद्यार्थी आहे. १९७६ मध्यें काँग्रेसनें ठरविलें, कीं अध्यक्षानें आणीबाणी जाहीर करावी, पण दोन्ही सभांनीं साधा ठराव करतांच ती संपावी; त्या ठरावाला अध्यक्षाची सही लागूं नये. योजना शहाणपणाची होती. आतां दुसरीकडे पाहा. जगदीश राय चढ्ढा नांवाचा, केनियांत जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण विद्यार्थी म्हणून अमेरिकेंत आला होता. १९७२ मध्यें त्याच्या परवान्याची मुदत संपली, आणि त्याला परत जावयास कोणताच देश राहिला नाहीं. सरकारी अधिकाऱ्यानें त्याची हद्दपारी तहकूब केली. प्रतिनिधिसभेनें एका ठरावानें ती तहकुबी मोडून काढली. चढ्ढा न्यायालयांत गेला, आणि १९८३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं दोन्ही सभांची मंजुरी आणि अध्यक्षापुढें सादर करणें यावांचून काँग्रेसच्या नुसत्या ठरावाला कायद्याचें बळ नाहीं. चढ्ढा वांचला याचा आनंदच आहे. परंतु त्याच निकालानें आणीबाणी संपविण्याचें काँग्रेसचें हत्यारहि मोडलें. १९८५ पासून आणीबाणी संपविणाऱ्या ठरावालाहि अध्यक्षाची सही लागते. म्हणजे ज्यानें आणीबाणी आणली त्याचीच परवानगी, किंवा दोन्ही सभांत दोनतृतीयांश मतें. २०१९ मध्यें ट्रम्प यांनीं, काँग्रेसनें भिंतीसाठीं मागितलेला पैसा दिला नाहीं म्हणून, आणीबाणी जाहीर करून तो दुसरीकडून काढला. दोन्ही सभांनीं ती संपविण्याचा ठराव केला. सेनेटमध्यें त्यांच्याच पक्षाच्या बारा जणांनीं त्याला मत दिलें. अध्यक्षांनीं तो नाकारला, आणि दोनतृतीयांश मतें कांहीं जमलीं नाहींत. इराणसंबंधानें कार्टर यांनीं नोव्हेंबर १९७९ मध्यें जाहीर केलेली आणीबाणी दर वर्षीं नवी करीत करीत चाळीस वर्षांच्या पलीकडे गेली. जन्माला आलेलीं मुलें त्या आणीबाणींतच बाप झालीं.

माझ्या त्रिकोणाची कोणती बाजू कच्ची होती तें येथें मला दिसलें. मॅडिसन यांची सगळी भिस्त यावर होती, कीं प्रत्येक संस्थेंतला माणूस आपल्या संस्थेचा मान राखण्यासाठीं भांडेल. एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला अडवील. पण घटना लिहून दहा वर्षें होत नाहींत तों पक्ष उभे राहिले, आणि सेनेटर हा सेनेटचा माणूस न राहतां पक्षाचा झाला. आपल्या पक्षाचा अध्यक्ष सत्ता ओढूं लागला तर तो गप्प बसतो, आणि दुसऱ्या पक्षाचा ओढूं लागला म्हणजे त्याला घटना आठवते. बायडेन यांनीं सुमारें चारशें अब्ज डॉलरांचें विद्यार्थ्यांचें कर्ज एका जुन्या कायद्याच्या आधारें माफ करावयास घेतलें. २०२३ मध्यें न्यायालयानें तें अडविलें. त्या वेळीं ज्यांनीं हुकूमशाही म्हणून ओरड केली, त्यांतलेच कित्येक दोन वर्षांनीं ट्रम्प यांच्या हुकुमांवर टाळ्या वाजवीत होते. आणि ज्यांनीं तेव्हां टाळ्या वाजविल्या ते आतां ओरडत होते. दोघांचाहि राग खरा असेल, पण तो सत्तेवर नव्हे, सत्ताधाऱ्यावर होता.

तेव्हां अध्यक्षांची सत्ता घटनेच्या मर्यादेबाहेर गेली आहे काय? माझें उत्तर होय असें आहे. आणि तरीहि ती कोणी दरोडा घालून नेली असें मला म्हणतां येत नाहीं. बहुतेक ती रस्त्यावर पडलेली होती. संकटकाळीं एका माणसाला चपळपणें वागतां आलें पाहिजे हें हॅमिल्टनचें म्हणणें मला पटतें. काँग्रेसच्या समित्या बसवून आग विझत नाहीं. पण आग विझल्यावर बंब परत ठेवण्याची जी पद्धत घटनेंत अभिप्रेत होती, ती मोडली. १ जुलै २०२४ रोजीं तर सर्वोच्च न्यायालयानेंच ठरविलें, कीं अध्यक्षपदाच्या गाभ्याच्या अधिकारांत केलेल्या कृत्यांबद्दल माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालूं शकत नाहीं, आणि इतर अधिकृत कृत्यांबद्दलहि त्याला निदान प्रथमदर्शनीं संरक्षण आहे. १९७४ मध्यें याच न्यायालयानें एकमतानें निक्सन यांना ध्वनिफिती हजर करावयास लावल्या होत्या, आणि पंधरवड्यांत त्यांना पद सोडावें लागलें होतें. पन्नास वर्षांत न्यायालयाचाहि बाण वळला.

हें लिहितांना आपण भारतीयांनीं फार शहाणपण मिरवूं नये, हेंहि खरें. १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनीं ती राज्यपद्धति जवळून पाहिलेली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मसुदा मांडतांना त्यांनीं सांगितलें, कीं आपला राष्ट्रपति नांवानें अमेरिकन अध्यक्षासारखा असला तरी स्थानानें इंग्लंडच्या राजासारखा आहे. आणि स्थैर्य व जबाबदारी यांत मसुद्यानें जबाबदारी अधिक पसंत केली आहे. पण २५ जून १९७५ च्या रात्रीं पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनीं आणीबाणीवर सही केली, आणि मंत्रिमंडळाला तें कळलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं. मी तेव्हां पांच वर्षांचा होतों. वडिलांनीं रेडिओचा आवाज कमी केला आणि आई उगाच पदरानें टेबल पुसूं लागली, एवढेंच मला आठवतें.

भाचीकडे परत जातों. २३ जानेवारी रोजीं सिॲटल येथील न्यायाधीश कफनौर यांनीं तो हुकूम तात्पुरता रोखला. चार दशकें न्यायासनावर बसलेला, रेगन यांनीं नेमलेला हा गृहस्थ. प्रश्न इतका स्पष्ट असलेला दुसरा खटला आपल्याला आठवत नाहीं असें ते म्हणाले. ५ फेब्रुवारीला मेरिलँडमधील एका न्यायाधीशांनीं आणि ६ तारखेला पुन्हा सिॲटलनें सगळ्या देशापुरती मनाई केली. ६ तारखेच्या रात्रीं मीं भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, ते दोन न्यायाधीश आणि तू, असे तिघंच मला घाई करू नकोस म्हणताय." तिच्या शेजारच्या एका मुलीनें मात्र डॉक्टरांकडून आधींची तारीख मागून घेतली होती.

बाळ जन्मलें २७ फेब्रुवारीला. मुलगी, वजनानें चांगली. एप्रिलांत तिचा पासपोर्ट आला. जूनच्या २७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं जिल्हा न्यायाधीशांनीं सगळ्या देशाला लागू होणाऱ्या अशा मनाया सहसा देऊं नयेत. मूळ प्रश्न तसाच ठेवला. टेक्सस हें संस्थान त्या दाव्यांत वादी नव्हतें. भाचीची एक मैत्रीण ऑगस्टमध्यें बाळंत व्हावयाची होती, तिच्यासाठीं पुन्हा फोन सुरू झाले. १० जुलैला न्यू हँपशरमधील न्यायाधीशांनीं अशा सर्व मुलांचा एक वर्ग मानून मनाई केली, आणि डिसेंबरमध्यें सर्वोच्च न्यायालयानें मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. कायदा चालत राहिला, हें मला मान्य आहे. पण न्यायालयांचे महिने आणि गरोदर बाईचे महिने एकाच मापानें मोजतां येत नाहींत.

दिवाळीला भाची मुलीला घेऊन येणार होती. तिकिटें काढलेलीं होतीं. १९ सप्टेंबरला अध्यक्षांनीं आणखी एका जाहीरनाम्यावर सही केली: नोकरीच्या परवान्याच्या अर्जावर एक लक्ष डॉलर शुल्क. तो नव्या अर्जांपुरताच आहे असा खुलासा एका दिवसांत झाला खरा; पण त्या एका दिवसांत तिच्या कचेरींतल्या परदेशीं गेलेल्या लोकांनीं मिळेल त्या विमानानें परत धांव घेतली होती. भाचीनें तिकिटें परत केलीं. "आज खुलासा आलाय," ती म्हणाली, "मी तिकडे असताना उद्या काय येईल?"

माझ्या आईला ब्याऐंशी वर्षें पूर्ण झालीं आहेत. पणतीला तिनें अजून मांडीवर घेतलेलें नाहीं. पोरीला कोणी अडवील काय, असें तिनें मला विचारलें, तेव्हां मीं सांगितलें, कीं पोरीला कोणीच अडवूं शकत नाहीं, ती केव्हांहि यावी आणि केव्हांहि परत जावी. अडचण आहे ती तिच्या आईची. "मग सात महिन्यांची पोर एकटी येईल होय?" असें म्हणून आईनें तिच्यासाठीं शिवलेली कुंची पुन्हा कपाटांत ठेवली. पासपोर्टाची एक नक्कल भाचीनें मला पाठविली आहे. त्यावर मुदत २०३० च्या एप्रिलपर्यंत आहे.